ठमाबायचं वळण

फार वर्षांपूर्वी, कुसवडीच्या घाटात गाडीरस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. खाली खाडीकाठचा बाजार, वर कुसवडी गाव. मीठ, सुकी मासळी, नारळ, जे काही वर यायचं ते माणसांच्या डोक्यावरून यायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि माणूस एकदा चालायला लागला की थेट गावातच थांबायचा.

मध्ये का थांबत नसत? साधी गोष्ट आहे. भरली पाटी एकट्याला खाली टाकता येते, पण पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. हात लावायला दुसरं माणूस लागतं, आणि घाटात दुसरं माणूस कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून मान मोडली, घसा सुकला, तरी कुणी पाटी उतरवत नसे. वर त्याचा तोरा मिरवायचे, "आमच्यात कुनी थांबत न्हाई." माणसाला आपल्या वाईट खोडीचाच अभिमान जास्त, त्याला कोण काय करणार!

या घाटात मध्यावर एक अरुंद वळण होतं. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. तिथे धाकू नावाचा तरणा गडी मिठाच्या पाटीसकट दरीत गेला. लोक म्हणाले, पाय घसरला. त्याची बायको ठमाबाय म्हणाली, "पाय न्हाई घसरला. दमला व्हता."

दिवसकार्य उरकलं आणि ठमाबाय पाण्याची घागर आणि भाकरी घेऊन त्या वळणावर उभी राहिली. इथून दुसरं कुणी दरीत जाता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं. येणाऱ्याची पाटी ती उतरवायची, त्याला सपाट दगडावर बसवायची, घोटभर पाणी द्यायची, भाकरीचा तुकडा हातावर ठेवायची आणि विचारायची, "आज डोक्यात काय हाय?" कुणी भावकीचं भांडण सांगायचा, कुणी गाईचं दुखणं. ती नुसतं ऐकायची. श्वास खाली बसला की पाटीला हात लावायची आणि वर दटावायची, "घरी जाऊन येळेवर झोप. आढ्याकडं बघत पडलं म्हनून छप्पर शाकारलं जात न्हाई."

तिने हात लावलेली पाटी निम्मी हलकी व्हायची, असं म्हणतात. गावात वाण्याच्या तराजूत मात्र वजन पुरतं भरायचं.

पाटी वाहणारी येसू नावाची एक बाई तेवढी थांबेना. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, मूल अंगावर पिणारं, नवरा परगावी. "बाय, मला बसायला येळ न्हाई," म्हणत ती रोज पुढे निघून जायची. धड झोप नाही, पोटात अन्न नाही. एका दुपारी वळणावरच तिचे पाय लटपटले आणि पाटी दरीच्या अंगाला कलली. ठमाबायने झेप घेऊन तिला कड्याकडे ओढलं. पाटी खाली गेली.

"माझं मीठ!" येसू किंचाळली.

"मीठ परत मिळंल," ठमाबाय म्हणाली. "धाकू मिळाला का मला?"

येसू दगडावर बसून पोटभर रडली. मग तिने भाकरी खाल्ली आणि तिथेच तिचा डोळा लागला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज थांबू लागली. सासू तीच, मूल तेच, चढणही तीच, पण घरी पोचल्यावर येसू कुणावर खेकसेनाशी झाली.

वर्षं गेली, ठमाबाय म्हातारी झाली. सगळ्या घाटाच्या पाट्या तिने उतरवल्या, पण ती स्वतः त्या दगडावर कधी बसली नव्हती. हे एकट्या येसूच्या लक्षात आलं. एक दिवस तिने म्हातारीला धरून दगडावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बाय, तुझ्या डोक्यात काय हाय?"

ठमाबाय धाकूबद्दल बोलू लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उन्हं कलेपर्यंत बोलली, मग येसूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ती पुन्हा उठली नाही.

पुढे दाट धुक्यात एक माणूस एकटाच वर येत होता. सवयीने त्याने वळणावर पाटी उतरवली, बसला, आणि निघताना आठवलं, बाय तर गेली. तरी त्याने हाक मारली, "बाय, हात लाव." पाटी अलगद वर आली आणि चुंबळीवर बसली. आसपास चिटपाखरू नव्हतं, असं म्हणतात.

झालं! जो तो बायला हाक मारू लागला. सोबतीला माणूस असला तरी हाक बायलाच. येसूच्या कानावर हे गेलं तेव्हा ती भर चावडीसमोर कडाडली, "जिती व्हती तवा तिला कुनी बसू दिलं न्हाई. मेल्यावर तरी बसू द्या की रं!"

गाव ओशाळलं. तेव्हापासून बायला कुणी हाक मारली नाही.

आता घाटात डांबरी सडक आहे. पाट्या गेल्या, पिशव्या आणि लॅपटॉपच्या बॅगा आल्या. तरी कुसवडीची माणसं त्या वळणावर थांबतात, ओझं दगडावर ठेवतात, पाणी पितात, डोक्यात असेल ते बोलतात. निघताना आपलं ओझं आपण उचलायचं नाही, असा तिथला नेम आहे. एकटा आलेला माणूस दुसरं कुणी येईपर्यंत बसून राहतो. मग येणारा, ओळखीचा असो वा नसो, त्याची पिशवी उचलून हातात देतो आणि एवढंच म्हणतो, "घे. बाय बसलीय."