खिंडीतले दगड

एका डोंगरात एक लहानसे राज्य होते. डोंगराच्या पायथ्याला दोन मोठी राज्ये होती, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. ती दोन्ही वर्षानुवर्षे एकमेकांशी लढत होती. त्यांना जोडणारा नदीकाठचा सपाट रस्ता लढाईमुळे बंद होता. म्हणून दोन्हीकडचे व्यापारी आपले बैल डोंगरातल्या खिंडीतून नेत.

खिंड दगडांनी भरलेली होती. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या तिथे हमखास निघत आणि गावातले लोहार त्या पुन्हा ठोकून देत. राजाला जकात मिळे, गावाला काम मिळे. वाटेतला दगड जो उचलील त्याला दंड, असा तिथला कायदा होता. व्यापारी कुरकुरत, पण जातील कुठे?

मग एके दिवशी दोन्ही मोठ्या राज्यांनी तह केला. तहाचे थाटात जेवण झाले. डोंगरातल्या राजाला बोलावणे नव्हते. नदीकाठचा रस्ता उघडला आणि खिंडीत तांडे येईनासे झाले. शिवाय दोन्ही सैन्यांनी नकोसे झालेले शिपाई काढून टाकले. ज्यांना परतायला घर उरले नव्हते ते डोंगरात शिरले. कालपर्यंत एकमेकांवर भाले उगारणारे आता मिळून गावातली गुरे पळवू लागले. तहानंतरची पहिली दोस्ती गावाने पाहिली ती ही.

प्रधान केसोपंत राजा उदयभानला म्हणाले, "महाराज, उपाय आहे. नदीवर पश्चिमेकडच्यांच्या नावा आहेत, त्या जाळू. तिथे पूर्वेकडच्या शिपायाचे एक पागोटे टाकून देऊ. पुढचे ते दोघे बघून घेतील."

राजाने खिडकीतून रिकाम्या खिंडीकडे पाहिले. त्या पाहण्यात होकारच जास्त होता.

नवी राणी हेमावती जवळच बसली होती. तिचे माहेर पूर्वेला. तिचा भाऊ तिकडच्या सैन्यात होता आणि लढाईमुळे बहिणीला माहेरी न्यायला त्याला कधी येता आले नव्हते. तह झाल्यावर त्याचा निरोप आला होता, श्रावणात येतो.

राणी म्हणाली, "पंत, पागोटे शोधायची तसदी कशाला? लढाई पुन्हा पेटली की माझ्या भावाचेच मिळेल."

केसोपंतांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "मग गावाने खायचे काय, राणीसाहेब?"

"लग्न होऊन आले तेव्हा माझी पालखी या खिंडीत तीनदा कलंडली. दगड का काढत नाही, असे विचारले तर भोई नुसते हसले. पावसाळ्यात नदीकाठचा रस्ता पाण्याखाली जातो, पंत. तेव्हा तरी व्यापारी डोंगराकडे वळतील. पण वळावेसे वाटेल अशी वाट हवी ना."

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः खिंडीत गेला. त्याने पहिला दगड उचलून बाजूला टाकला आणि केसोपंतांना म्हणाला, "दंड लिहून घ्या."

मग रानातल्या शिपायांना सांगावा गेला. भाला ठेवून खिंडीतले दगड काढायला पहार धरील त्याला भाकरी आणि राहायला जागा मिळेल. काही आले. काही आले नाहीत, त्यांच्यापासून गुरे राखायला पहारा बसवावा लागला. तो पहारा आलेल्यांनीच दिला.

पाऊस लागला, नदी चढली आणि तांडे डोंगराकडे वळले. पूर्वीइतके नाही. दोन लोहारांनी भट्टी विझवून नांगर धरला. वाईट त्यांना वाटले, राजालाही वाटले. पण गोठ्यातली गुरे गोठ्यात राहिली.

श्रावणात राणीचा भाऊ आला. केसोपंत त्याला सामोरे गेले. त्यांनी त्याचे भिजलेले पागोटे स्वतःच्या हातांनी पिळले आणि चुलीपाशी वाळत घातले.

तात्पर्य: शेजाऱ्यांच्या भांडणावर आपली चूल पेटत असेल, तर त्यांच्या समेटाने ती विझणारच. अशा वेळी त्यांचे भांडण पुन्हा पेटवू नये, आपल्या वाटेतले दगड काढावेत.