एका कडेचा फोटो

जयवंत तांडेलला अशी होडी हवी होती, की पहाटे मासे धरता यावेत आणि दुपारी पर्यटकांना वॉटर स्कीइंगसाठी ओढता यावं. होड्या विकणाऱ्या बाबलशेठनं त्याला आणि त्याच्या भावाला धक्क्यावर एक अरुंद, चकचकीत होडी दाखवली आणि जयवंत भुललाच. त्याची बायको सुगंधा मात्र होडीची रुंदी न्याहाळत होती. तिच्या कडेवर वर्षभराची पोर होती.

"शेठ, ही कलंडणार नाही ना?"

"वहिनी, होडीतलं बायकांना काय कळतं? वादळातसुद्धा हलायची नाही ही!"

सुगंधा हसली. "मग घेऊच की! आधी फोटो काढते. शेठ, तुम्ही, हे आणि भावजी, तिघं होडीत या कडेला उभे राहा."

तिघं कडेला सरकले मात्र, होडी भसकन झुकली. शेठ किंचाळले, "अरे, सगळे एका बाजूला नको! उलटेल ना!"

"मग भरलेलं जाळं ओढताना यांनी कुठं उभं राहायचं, शेठ?"

जयवंतनं शेजारची रुंद होडी घेतली. पळायला ती जरा मंद होती, पण सुगंधाचा जीव भांड्यात पडला.

फोटो त्याच रुंद होडीत निघाला. सगळे एकाच कडेला, आणि पोरीला घेऊन सुगंधाही.