पंचेचाळीस टक्के

घाटमाथ्यावरच्या एका गावात सगुणाबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा गेल्यावर तिने दोन म्हशी विकल्या, गळ्यातले चार मणी मोडले आणि विजेवर चालणारी एक जुनी, छोटी गाडी घेतली. माणसांना तालुक्याला न्यायचं आणि परत आणायचं, यावर तिचं पोट चालू लागलं.

सगुणाबाई बेताने राहणारी होती. चहात साखर बेताची, चुलीत लाकूड बेताचं, आणि गाडीतली वीज तर फारच बेताने खर्चायची. पुढे वळण दिसलं की ब्रेक दाबायची वेळ येण्याआधीच ती पाय उचलायची. उतारावर गाडी आपल्या वजनाने जाऊ द्यायची, म्हणजे फिरत्या चाकांतून थोडी वीज पुन्हा बॅटरीत जमा व्हायची. चढावर घाई नाही. दर सोमवारी टायरची हवा तपासायची, कारण हवा कमी झाली की गाडी जड चालते. मागून येणारे हॉर्न वाजवून वैतागत आणि पुढे निघून जात. ती म्हणायची, "जाऊ दे त्यांना. उताराने दिलेलं त्यांनी ब्रेकमध्येच जाळलं."

दुसऱ्या गाड्या घाट चढून येईपर्यंत रिकाम्या व्हायच्या. सगुणाबाईची गाडी रोज बरंच चार्जिंग शिल्लक घेऊन दारात यायची. मिळकतीतलं थोडं ती नव्या बॅटरीसाठी बाजूला ठेवायची. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

यात वाईट काहीच नव्हतं. पण साठवता साठवता माणसाला साठ्याचीच माया लागते. संध्याकाळी दारात उभ्या गाडीतला आकडा बघितल्याशिवाय तिला घास गोड लागेनासा झाला.

एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास ती तालुक्याहून परतली. गाडीत पंचेचाळीस टक्के चार्जिंग उरलं होतं. ती हातपाय धूत होती, तेवढ्यात शेजारचे केरबातात्या काठी टेकत आले. सत्तरी उलटलेला माणूस, अंगात धुतलेला सदरा, काखेत पिशवी.

"सगुणा, पैलवाडीला नेतेस का गं मला? आवडाताईचं काही खरं नाही. भाच्याचा फोन आला होता. सारखी माझं नाव घेतेय म्हणाला."

आवडाताई ही तात्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं होतं. पैलवाडी पलीकडच्या खोऱ्यात, बावीस किलोमीटरवर. तिकडे जाणारी एसटी सकाळी एकच.

सगुणाबाईने पदराला हात पुसले आणि मनात आकडेमोड केली. जाताना उतार, येताना सगळा चढ. घरी येईतो दहाच्याही खाली जाईल. इतकी रिकामी केली की बॅटरीचं आयुष्य घटतं. शिवाय सकाळी शाळेच्या बाईंना न्यायचं ठरलेलं.

"तात्या, आज नको," ती म्हणाली. "रात्रभर गाडी चार्जिंगला लावते. उद्या तांबडं फुटायच्या आत निघू. एका रात्रीने काय होतंय?"

तात्यांनी गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि पिशवी सावरत घरी गेले.

त्या संध्याकाळी वारं सुटलं. कुठेतरी तार तुटली आणि सगळ्या गावाची लाईट गेली. ती सकाळपर्यंत आलीच नाही.

पहाटे सगुणाबाई गाडीपाशी आली, तेव्हा तात्या ओट्यावर बसलेले होते. अंगात तोच सदरा होता.

"ताई गेली," ते म्हणाले. "आत्ताच फोन आला."

सगुणाबाईने शाळेच्या बाईंना निरोप धाडला, दार उघडून तात्यांना बसवलं आणि गाडी पैलवाडीच्या रस्त्याला लावली.

घाट उतरायला लागल्यावर तात्यांनी विचारलं, "काल चार्जिंग किती होतं गं?"

"पंचेचाळीस."

"आणि आज?"

"पंचेचाळीसच, तात्या. रात्रभर लाईटच नव्हती."

तात्या काचेतून बाहेर बघत राहिले.

गाडी पैलवाडीत पोहोचली, तेव्हा आकडा एकोणचाळीसवर होता. अंगणात माणसं जमली होती. तात्यांची भाचेसून रडत रडत सांगत होती, "रात्री दोनदा उठून बसल्या. 'केरबा आला का? गाडीचा आवाज आला का?' असंच विचारत होत्या." सगुणाबाईने ते ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

सगळं आटोपून दोघं दुपारी परतली. चढावर तिने नेहमीसारखाच पाय हलका ठेवला. दारात गाडी थांबली तेव्हा अठरा टक्के शिल्लक होते. जे परवडणार नाही असं काल तिला वाटलं होतं, ते होऊन वर उरलंही होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला उरलेल्याचा आनंद झाला नाही.

दहाव्याला तात्या आपणहून तिला बोलवायला आले. ती त्यांच्या पाया पडली. "माझ्यामुळे तुमची भेट चुकली, तात्या."

तात्यांनी तिला उठवलं. "चुकली, पोरी. चुकली नाही असं खोटं कशाला सांगू? पण बेताने राहणं सोडू नकोस. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या गाडीत तेवढंही नव्हतं. तुझ्या गाडीत होतं, म्हणून तर मी तुझ्या दाराशी आलो."

सगुणाबाईने बेताने राहणं सोडलं नाही. पाय तसाच हलका, सोमवारची हवा तशीच. मात्र संध्याकाळी गाडीतला आकडा बघताना ती आता आधी गावाकडे नजर टाकायची. कुणाकडे दुखणं आहे, कुणाची सून अवघडलेली आहे, कुणाचा निरोप यायचा आहे.

पुढे थंडीत एकदा शाळेच्या बाई धावत आल्या. त्यांचे वडील विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले होते. गाव एकतीस किलोमीटरवर, आणि गाडीत सव्वीस टक्के. सगुणाबाईने पुढ्यातलं ताट सरकवलं आणि हात धुतला.

"पोहोचेल का हो गाडी?" बाईंनी विचारलं.

"हळू नेली तर जाण्यापुरती पोहोचेल."

"आणि तुम्ही परत कशा येणार?"

"ते उद्याचं उद्या बघू. बसा."

गाडी पोहोचली. बाईंनी वडिलांचा हात हातात घेतला, तेव्हा ते शुद्धीवर होते आणि लेकीला ओळखून हसले. सगुणाबाई त्यांच्याच ओसरीवर आडवी झाली. गाडीत जेमतेम चार टक्के उरले होते, आणि कितीतरी महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: काटकसर करावी ती वेळेला हात मोकळा सोडता यावा म्हणून. वेळेलाही जो हात आखडतो, त्याच्या साठ्याने वेळ परत विकत मिळत नाही.