धुक्यातली खरखर

"मग पुढच्या बाइंडिंगचा कोन अजून थोडा वाढवून बघू का, आबा?" मृण्मयीनं विचारलं.

बूट स्नोबोर्डाला जखडणाऱ्या त्या पट्ट्यांकडे आबांनी बघितलंही नाही.

उत्तराखंडातल्या औलीच्या उतारावर सकाळपासून धुकं उतरलं होतं. देवदार मधेच दिसत, मधेच नसत. आबा शेडगे तळाशी एका खोक्यावर बसले होते. मूळचे खटावचे. फौजेत जवानांना बर्फावर घसरायला शिकवता शिकवता केस पिकले, आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले.

मृण्मयी नाशिकची. राज्याच्या स्नोबोर्ड संघाची निवड परवावर आली होती. गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली. यंदाही हुकलं तर बोर्ड कायमचा माळ्यावर टाकीन, असं तिनं घरी सांगून ठेवलं होतं. सांगितलं खरं, पण मनातून तिला ते सहन होणार नव्हतं.

दोष तिनं सगळ्यांना देऊन झाला होता. बोर्ड रुंद होता, म्हणून लांब आणि अरुंद घेतला. बूट मऊ होते, म्हणून टणक घेतले. इतके टणक की त्यांत ती बदकासारखी चालायची. कडांना रोज धार लावायची. आता फक्त पावलांचा कोन उरला होता.

"निदान मी कशी आले ते तरी सांगा."

"मला काय दिसलं? ह्ये आसलं धुकं," आबा म्हणाले. "ऐकलं मातर."

"काय ऐकलं?"

आबांनी हातातली काठी बर्फावर खरवडली. थांबले. पुन्हा खरवडली.

दर वळणाच्या तोंडाशी तिच्या बोर्डाचा असाच आवाज येत होता. बर्फ कडक आहे, मृण्मयी म्हणाली.

"बरफ कडक न्हाई, पोरी. बोर्डाचं नाक सरळ दरीकडं झालं की तुला भ्या वाटतं. मग मागचा पाय ढकलतीस. त्येचीच ही खरखर."

तिला राग आला. भित्री म्हणून तिला आजवर कुणी हिणवलं नव्हतं. राग जास्त आला तो आबांचं म्हणणं खरं होतं म्हणून.

आबांनी तिला बोर्ड पायांतून काढायला लावला. तो एका कडेवर कलता धरायचा, दोन्ही हातांनी दाबायचा आणि पुढे सारायचा.

"वळवू नगंस. निस्ता कलता धर."

ती गुडघ्यांवर बसली. बोर्ड पुढे सारला... आणि तो वळला. बर्फावर एकच बारीक रेघ उठली, गोल होत गेलेली. आवाज नाही.

बोर्डाच्या कडा मध्यावर आत वळलेल्या असतात, म्हणून कललेला बोर्ड आपोआप वळतो, हे तिला पाठ होतं. दुकानात त्या बाकाचं माप विचारूनच तिनं बोर्ड घेतला होता. तरी ती त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग मी काय करायचं?"

"थांबायचं. त्यो वळंस्तवर."

"आणि दरी?"

"ती कुटं पळून जातीया?"

लिफ्टच्या खुर्चीतून ती वर गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

वर नुसतं पांढरं होतं. आभाळ कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. ती निघाली. बोर्ड कलला, नाक दरीकडे झालं. मागचा पाय ढकलायला शिवशिवला.

तिनं ढकललं नाही.

आता हा वळत नाही, असं तिला वाटलं. पाय तिनं तसाच राहू दिला... मग बोर्ड आपल्या वेळेनं वळला. पुढचं वळणही तसंच आलं. त्याच्यापुढचंही. आपण उतरतोय की कुणी आपल्याला अलगद उतरवतंय, तेही तिला समजेना.

तळाच्या सपाटीवर बोर्ड मंदावत मंदावत आबांपाशी आपोआप थांबला.

आबा डोळे मिटून, उताराकडे कान लावून बसले होते.

मृण्मयीचे डोळे भरून आले होते. तिनं वाकून हळूच त्यांच्या हाताला हात लावला.

आबा दचकले.

"आगं," ते म्हणाले, "तू कवा आलीस?"