किकोईचे गोंडे

कोणे एके काळी, फार वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका बेटावर माकामे नावाचा विणकर राहत होता. तिथले पुरुष कमरेला किकोई गुंडाळतात. किकोई म्हणजे आपल्या लुंगीसारखं, रंगीत काठांचं सुती वस्त्र. माकामेच्या किकोईची तर बातच वेगळी होती. दूरदूरचे खलाशी येत आणि नवी किकोई नेसूनच परत जात.

माकामे माग चालवी. कापडाच्या दोन्ही टोकांचे सुटे धागे वळून गोंडे बांधायचं काम त्याची थोरली बहीण म्वानाईशा करी. लोक वाखाणत ते मात्र माकामेला. म्वानाईशाला त्याचं वाईट वाटत नसे. वाटत असलं तरी ती बोलत नसे.

एके दिवशी सुलतानाचा निरोप आला. शहजाद्याच्या लग्नासाठी किकोई हवी होती. पसंत पडली तर माकामे दरबारी विणकर होणार होता. झालं! स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात.

कापड मागावरून उतरलं, तेव्हा लग्न दोन दिवसांवर आलं होतं.

"गोंड्यांना दोन दिवस तरी लागतील रे," म्वानाईशा म्हणाली.

"दोन दिवस? ताई, विणलं मी, रंग जुळवले मी. चार गाठी मारायला कसली आलीय अक्कल?"

म्वानाईशाच्या ते फार जिव्हारी लागलं. तिने धागे खाली ठेवले. "मग तूच मार," एवढंच ती बोलली.

माकामेने एका दुपारात गोंडे उरकले. दिसायला ते अगदी ताईच्या गोंड्यांसारखेच होते.

लग्नाच्या दिवशी शहजादा किकोई नेसून वरातीत निघाला. समुद्रावरून वारा सुटला आणि गोंड्यांचा पीळ उकलू लागला. गाठी निसटल्या, मग काठाचे आडवे धागेही सुटले. नवरीच्या दारी पोहोचेपर्यंत नवरदेवाच्या कमरेला चिंध्या लोंबत होत्या. सुलतानाने शिक्षा केली नाही. किकोईची घडी करून फक्त परत पाठवली. त्यापेक्षा फटके परवडले असते, असं माकामेला वाटलं.

त्याने ती घडी बहिणीपुढे ठेवली. "ताई, चुकलो. मला शिकव."

म्वानाईशाने सरकून त्याला शेजारी जागा दिली.

"आधी दोन्ही पेड उजवीकडे पिळायचे. मग एकत्र धरून डावीकडे वळायचे. तू सगळंच एका बाजूला वळलंस. मग ते एकमेकांना धरतील कसे?"

संध्याकाळपर्यंत माकामेच्या बोटांना फोड आले आणि गोंडे झाले तीन. त्यातले दोन सुटले.

"इतकी वर्षं तू हे करत होतीस?"

"मग काय आपोआप होत होतं?" म्हणत ती हसली. माकामेचे डोळे मात्र भरून आले.

दरबारी विणकर तो कधीच झाला नाही. पण त्यानंतर कुणी किकोईची स्तुती केली, की तो म्हणे, "थांबा जरा," आणि ताईला बाहेर बोलावून तिच्यासमोर ती स्तुती पुन्हा करायला लावी.

ज्याच्या हातांमुळे आपलं काम टिकतं, त्याच्या कामाला कधी हलकं समजू नये.