केरबा आणि खोटं गवत

कोल्हापूरहून एस.टी.नं अर्ध्या तासावर नदीकाठी एक गाव आहे. त्या गावात केरबा नावाचा एक माणूस होता. भोळा म्हणजे किती भोळा, तर त्याला कुणी 'जरा थांब' म्हटलं की तो थांबायचा, आणि 'चल' म्हणायला विसरलं की संध्याकाळपर्यंत तिथंच उभा दिसायचा.

गावाला दोन वेडं होती, कुस्ती आणि फुटबॉल. तालमीत कुस्ती, तालमीमागच्या मैदानावर फुटबॉल. त्या मैदानाची राखण केरबाकडं. बावीस वर्षं त्यानं तिथली हरळी जपली होती. पाणी पाजलं, शेणखत घातलं, शेरडं हाकलली. बायकोच्या वाट्याला जेवढी माया आली नाही तेवढी हरळीच्या वाट्याला आली, असं त्याची बायको हौसा म्हणायची, आणि ते खरंच होतं.

मग एके वर्षी मैदानावर खोटं गवत आलं. ट्रकमधून गुंडाळ्या आल्या, खडीवर अंथरल्या, सांधे चिकटवले आणि पात्यांच्या मधे रबराचे काळे दाणे पेरले. बघता बघता माळ हिरवागार झाला. तालमीचे सेक्रेटरी जोतीरामअण्णा यांनी केरबाला बोलावून घेतलं.

"केरबा, मे महिन्यात फुटबॉल संघटनेचे साहेब मैदान तपासायला येणार हाईत. पास झालं तर जिल्ह्याची फायनल आपल्याकडं, आन् तुझी नोकरी कायम. नापास झालं तर फायनल नदीपलीकडं जाणार. मग तुझ्या जागी मी दुसरा माणूस बघणार."

"व्हय अण्णा."

"पोटच्या पोरागत जपायचं."

"व्हय अण्णा. ध्यानात ठेवतो."

केरबानं ध्यानात ठेवलं. घरी येऊन हौसाला सांगितलं. हौसा म्हणाली, "नोकरी गेली तर माझ्या भावाच्या वीटभट्टीवर जावं लागंल. आन् तुम्ही तिथं गेलासा की भावाचं आन् माझं कायमचं तुटंल. तवा जपा."

केरबानं पोटच्या पोरागत जपायचं ठरवलं. पोराला आधी खाऊ घालावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मैदानावर आले तेव्हा हिरव्यागार प्लॅस्टिकवर तीन ट्रॉल्या शेणखत पसरलं होतं आणि केरबा त्यावर पाईपनं पाणी मारत होता.

अण्णांनी नाकाला उपरणं लावलं. "हे काय केलंस?"

"पोरगं नवं हाय अण्णा. अंग धरायला पायजे."

"अरं, हे खोटं गवत. हे खात न्हाई, पीत न्हाई, वाढत न्हाई. ह्याला काय बी घालायचं न्हाई. सकाळ-संध्याकाळ नुसता ब्रश मारायचा."

"असं म्हणा की. ध्यानात ठेवतो."

शेणखत काढायला आठ दिवस लागले. वास जायला महिना लागला.

आता तालमीच्या ऑफिससमोर एक हिरवळ होती. अध्यक्षांनी ती मुद्दाम पुण्याहून आणून लावली होती आणि संध्याकाळी ते तिथं खुर्ची टाकून बसत. तिची देखभालही केरबाकडंच. एप्रिलचं ऊन. केरबा रोज सकाळी यायचा आणि हिरवळीला ब्रश मारायचा. संध्याकाळी यायचा आणि ब्रश मारायचा. पाण्याचा एक थेंब त्यानं तिला लागू दिला नाही. तीन आठवड्यांत हिरवळीचं तपकिरी कुसळ झालं. केरबानं कुसळालाही ब्रश मारला.

"अरं, ते खरं गवत होतं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता, कारण त्याआधी अध्यक्ष त्यांच्याशी बोलले होते.

"मला कसं कळायचं अण्णा? दोन्ही हिरवंच."

केरबाचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी अण्णा म्हणाले, "वडून बघायचं. चिमटीत धरायचं आन् वडायचं. मुळासकट आलं तर खरं. मग पाणी घालायचं."

"ध्यानात ठेवतो."

या खोट्या गवताला पैसे दिले होते उदाजीरावांनी. त्यांची फाउंड्री होती. वय सत्तरीच्या आसपास, आणि डोक्यावर केस असे की तिशीतल्या माणसानं हेवा करावा. काळेभोर, दाट, तेल लावून मागं वळवलेले. ते केस खरे की टोप, यावर गावात दहा वर्षं वाद चालू होता. न्हाव्याच्या दुकानात या वादावरून एकदा हाणामारीसुद्धा झाली होती.

उदाजीरावांचा सत्कार ठरला. मैदानात मांडव, व्यासपीठ, समोर सगळं गाव. हारांचं ताट धरून केरबा उदाजीरावांच्या खुर्चीमागं उभा. अध्यक्षांचं भाषण लांबलं. केरबाची नजर त्या केसांवर गेली. तो बघत राहिला. खरं का खोटं, त्याला कळेना. मग त्यानं ताट खाली ठेवलं, चिमटीत धरलं आणि ओढलं.

उदाजीराव उभे राहिले. माइकही तिथंच होता. केरबानं चिमूट डोळ्यांजवळ नेली. चार केस होते, चारही मुळासकट.

"खरं हाय अण्णा," केरबा म्हणाला. ते सगळ्या गावानं ऐकलं.

आणि खरं असलं की काय करायचं ते त्याच्या ध्यानात होतंच. पाहुण्यांसाठी ठेवलेला तांब्या त्यानं उदाजीरावांच्या डोक्यावर रिता केला. काळं पाणी कानांवरून, मानेवरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं.

केरबा जरा गोंधळला. "खरं हाय," तो पुन्हा म्हणाला, "पण रंग जातोय."

गावातला दहा वर्षांचा वाद त्या दिवशी मिटला. उदाजीराव मात्र पुन्हा तालमीकडं फिरकले नाहीत.

अण्णा दोन दिवस केरबाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण बोलल्याशिवाय चालणार नव्हतं. "पाव्हण्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई. समजलं? पाव्हणा आला की लांब हुबं राहायचं. हात जोडायचं. त्यो काय करंल ते करू द्यायचं. जाताना 'पुन्हा या' म्हणायचं."

"व्हय अण्णा. ध्यानात ठेवतो."

त्याच आठवड्यात भर दुपारी मैदानावर टेम्पो आला. दोन अनोळखी माणसं उतरली. केरबा लांब उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. माणसांनी त्याच्याकडं बघितलं. मग एकमेकांकडं बघितलं. मग त्यांनी दोन्ही गोलच्या जाळ्या सोडल्या, कोपऱ्यांतले चार झेंडे उपटले आणि सगळं टेम्पोत टाकलं.

"पुन्हा या," केरबा म्हणाला.

माणसं शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि गोलचे खांब घेऊन गेली. एक खांब जड होता, तर त्यांनी केरबाला हात लावायला सांगितलं. केरबानं खांबाला हात लावला, पाहुण्याला नाही.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अरं, चोर हुतं ते."

"मला वाटलं, खांबाचं काम करणारं असतील. लई नीट सोडलं वो त्येंनी."

"आता नीट ऐक. मैदानावरनं कोण काय घेऊन पळायला लागला, तर तू बी पळायचं, त्येच्या कमरंला मिठी मारायची आन् मी येईपर्यंत सोडायचं न्हाई. मग त्यो कोण का असंना."

"कोण का असंना?"

"कोण बी असू दे."

"ध्यानात ठेवतो."

अण्णांनी धावपळ करून नवे खांब, नव्या जाळ्या आणल्या. साहेब यायला आता दोनच दिवस उरले होते. शुक्रवारी पोरांचा सराव ठेवला. विश्वजित हा गावाचा सेंटर फॉरवर्ड. फायनलची सगळी आशा त्याच्या उजव्या पायावर. त्यानं मधल्या रेषेवर चेंडू घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि गोलकडं सुटला.

केरबा रेषेबाहेर ब्रश घेऊन उभा होता. त्यानं बघितलं. विश्वजित मैदानावरून चेंडू घेऊन पळत होता, आणि दहा माणसं त्याच्यामागं लागली होती, तरी तो कुणाला सापडत नव्हता.

केरबानं ब्रश टाकला.

गोलपासून सहा पावलांवर त्यानं विश्वजितच्या कमरेला मिठी मारली. दोघं घसरत जाळीत गेले. खोट्या गवतावर घसरलं की कातडं सोलून निघतं. विश्वजितचे दोन्ही गुडघे सोलले. तो ओरडला, पोरं ओरडली, गोलकीपर केरबाचे पाय धरून ओढायला लागला. केरबा सोडीना. अण्णा बँकेत गेले होते. ते अर्ध्या तासानं आले.

"घावला बगा अण्णा," केरबा खालूनच म्हणाला. "चेंडू बी घावला."

विश्वजित लंगडत घरी गेला. अण्णा मैदानावरच बसले. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. परवा साहेब येणार आणि हा माणूस इथं असणार. त्याला घालवावं तर दोन दिवसांत दुसरा माणूस कुठून आणायचा. मैदानावर तर सगळा पसारा पडला होता. प्लॅस्टिकचे शंकू, दोऱ्या, बाटल्या, पोरांचे सदरे, व्यासपीठाच्या फळ्या, मांडवाचं कापड.

अण्णा अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलले. "केरबा. खेळ चालू असताना आत पाऊल टाकायचं न्हाई. कुणाला धरायचं न्हाई."

"न्हाई अण्णा."

"समदी घरला गेली की मग जायचं. जे काय मांडलंय, जे काय आंथरलंय, ते समदं उचलायचं, झाडायचं आन् आत तालमीत नीट रचून ठेवायचं. मी आता कोल्हापूरला चाललोय, परवा साहेबांना घेऊनच येतो. आम्ही येईपर्यंत हितं काडी दिसता कामा न्हाई."

केरबानं पायाखाली बघितलं. मग अण्णांकडं बघितलं. "काडी बी न्हाई?"

"एक काडी न्हाई."

"लई हाय वो अण्णा."

"असू दे. पैलवानांना बोलीव मदतीला. पण झालं पायजे. ह्यावर तुझी नोकरी हाय, केरबा."

"होतंय अण्णा," केरबा म्हणाला. "तुम्ही निवांत जावा."

केरबाला वाईट वाटलं. खोटं का असेना, दोन महिने ब्रश मारून त्याचा त्या गवतावर जीव बसला होता. पण अण्णांनी विश्वासानं काम सांगितलं होतं, आणि इतकं समजावून तर त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. या वेळी चुकायचं नाही, असं त्यानं हौसाला जेवता जेवता सांगितलं. हौसानं त्याला एक भाकरी जास्त वाढली.

शनिवारी उजाडायला तो तालमीत गेला. वस्तादांना म्हणाला, "अण्णांनी समदं उचलायला सांगितलंय. पैलवान पायजेत." अण्णांचा निरोप म्हटल्यावर वस्तादांनी काही विचारलं नाही. वीस पैलवान दिले आणि वर म्हणाले, "आज जोर-बैठका नको. हेच काम करा."

रविवारी सकाळी दहा वाजता अण्णांची जीप आली. मागच्या सीटवर संघटनेचे दिवाणसाहेब. मांडीवर चेंडू, हातात टेप, खिशात छापील फॉर्म. वाटेत अण्णांनी त्यांना मैदानाचं इतकं कौतुक सांगितलं होतं की साहेब म्हणाले होते, "आता बघायचीच उत्सुकता लागली."

जीप थांबली. साहेब उतरले. समोर एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत नुसती खडी होती. स्वच्छ झाडलेली.

खडीच्या मधोमध केरबा उभा होता. हाताला फोड आलेले, डोळे लाल, अंगावर धुवून घातलेला सदरा. अण्णांना बघून तो हसला.

"एक काडी न्हाई ठेवली, अण्णा."

अण्णांनी जीपचं दार धरलं.

"मैदान कुठाय?" साहेबांनी विचारलं.

केरबानं लांबूनच त्यांना हात जोडले. "आत हाय साहेब. या, दाखवतो."

तालमीचं दार उघडलं. आखाड्याच्या लाल मातीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कमरेएवढ्या उंच हिरव्या गुंडाळ्या रचल्या होत्या. बत्तीस गुंडाळ्या, सुतळीनं बांधलेल्या. शेजारी काळ्या दाण्यांची पोती, तोंडं शिवलेली. दाराजवळ शंकू, बाटल्या आणि पोरांचे सदरे, घड्या घालून.

"सांधं जरा चिकट हुतं," केरबा म्हणाला. "पण पैलवानांनी वडलं की आलं. दाणं आधी झाडून घेतलं."

दिवाणसाहेब तिसाव्या वर्षी या कामाला लागले होते आणि आता निवृत्तीला आले होते. फॉर्म कोरा परत न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. ते एका गुंडाळीवर चढले, दोन मीटर मोजून चेंडू वर धरला आणि सोडला. चेंडू दोन गुंडाळ्यांच्या फटीत गेला. साहेबांनी थोडा वेळ वाट बघितली. तो काही वर आला नाही.

साहेबांनी फॉर्मवर लिहिलं. अण्णा पुढं झाले. "साहेब, काय लिवलंसा?"

"उसळी नाही," साहेब म्हणाले. "चेंडूही नाही."

फायनल नदीपलीकडं गेली. साहेब जीपमध्ये बसले. खडीवर आता अण्णा आणि केरबा दोघंच राहिले. अण्णांनी केरबाच्या हातांवरचे फोड बघितले आणि नजर वळवली.

"केरबा," ते म्हणाले, "तू घरी जा."

"व्हय अण्णा," केरबा म्हणाला, आणि गेला.

सोमवारी सकाळी सहा वाजता अण्णा मैदानाकडं आले. रात्रभर त्यांना झोप नव्हती. खडीवर केरबा उभा होता, हातात ब्रश.

"तुला काल घरी जा म्हटलं हुतं न्हवं?"

"गेलो की अण्णा. जाऊन आलो. आज काय करू?"

अण्णांनी तोंड उघडलं. मग जरा विचार केला आणि मिटलं.