करवंटीएवढी इच्छा

समुद्राच्या अगदी काठाला, नारळी-पोफळींच्या हिरव्यागार आगरात, सुरंगी नावाची एक मुलगी राहायची. तिचं घर म्हणायचं म्हणून घर! मातीच्या चार भिंती, वर जुनी कौलं, आणि त्या कौलांना इतक्या फटी की दुपारी जमिनीवर उन्हाचे सोनेरी कवडसे सांडायचे. सुरंगी कवडशाखाली मनगट धरायची आणि म्हणायची, "आई, बघ माझी बांगडी!" कारण खरी बांगडी काही तिच्याकडं नव्हती.

बाबा दुसऱ्यांच्या झाडांवर चढून नारळ पाडायचा. आई काथ्याचं सुंभ वळायची. घरात भाकऱ्या मोजक्या आणि खाणारी तोंडं भाराभर. कपाळावर पांढरा पट्टा असलेली शेळी बाशिंगी, काळाकुळकुळीत कुत्रा भुंग्या, लोणी नावाची लोण्यासारखीच मऊ मांजर, आणि पलंगाखालच्या टोपलीत अंड्यांवर बसलेली टिकली कोंबडी. आता बसली तर बसली, पण जवळून कुणी गेलं की ती अशी डोळे वटारायची की जणू घर तिच्या मालकीचं!

गरिबी होती, पण आईचा एक नियम होता. दारात कुणीही येवो, आधी गूळ-पाणी द्यायचं, मग "तू कोण?" विचारायचं. घरात धड पेला नव्हता, म्हणून गूळ-पाणी घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीतून द्यायचे.

एका सकाळी आभाळ तांब्याच्या हंड्यासारखं लालसर झालं. कावळे ओरडले नाहीत. देवळावरचा भोंगा मात्र ओरडत होता, "चक्रीवादळ येतंय! घराबाहेर पडू नका!"

बाबानं आईनं वळलेलं सगळं सुंभ घेतलं आणि छप्पर आवळून बांधलं. आईनं हंडा-कळशी भरून ठेवली, काड्यापेटी पिशवीत गुंडाळून पदराला बांधली. सुरंगीनं एकेक जनावर आत आणलं. एवढीशी खोली, आणि तिच्यात सगळी बिऱ्हाडं! बाशिंगीनं आल्या आल्या केरसुणी खायला घेतली. लोणी फळीवर चढून बसली आणि तिथून सगळ्यांकडे तुच्छतेनं बघू लागली. भुंग्या एवढा शूर, पण आईच्या मागं जाऊन लपला.

"भुंग्या, लाज वाटत नाय तुला?" सुरंगी हसून म्हणाली.

तेवढ्यात वादळ आलं आणि तिचं हसू ओठांवरच विरलं.

असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. समुद्र, आभाळ आणि झाडं एकाच वेळी किंचाळत होती. पोफळी कडाकड मोडत होत्या. कौलं दातांसारखी वाजत होती. सुरंगीनं कानांवर हात ठेवले, तरी आवाज थेट पोटात शिरत होता. आणि धाड! कडी तुटली, दार सताड उघडलं. बाशिंगी घाबरून उसळली आणि त्या करड्या, घोंघावत्या पावसात नाहीशी झाली.

"बाशिंगेऽऽ!" सुरंगी धावली, पण बाबानं तिला कमरेला धरून आत ओढलं, आणि आई-बाबा दोघं दाराला पाठ लावून बसले. सुरंगी रडलीसुद्धा नाही. तिला काही सुचेचना. आता तर इथं होती, केरसुणी खात होती!

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकदम सगळं थांबलं.

एकदम म्हणजे एकदम. वारा नाही, पाऊस नाही. कौलांच्या फटीतून ऊन आलं आणि सुरंगीच्या मनगटावर सोन्याची बांगडी होऊन बसलं.

"गेलं गो, गेलं!" बाहेर कुणीतरी ओरडलं. साऱ्या वाडीची दारं उघडली. जिकडेतिकडे नारळच नारळ पडले होते! माणसं टोपल्या, गोणपाटं घेऊन आगरात शिरली. शेजारची भिमाकाकू तर दोन्ही काखांत नारळ दाबून तिसरा पायानं ढकलत होती.

"बाबा, माझी बाशिंगी," सुरंगी म्हणाली. आता कुठं तिला रडू फुटलं.

"रडू नको, बाय. आणतो शोधून," बाबा म्हणाला. त्यानं डोक्याला पंचा बांधला आणि खाडीच्या वाटेनं निघाला. भुंग्यालाही एव्हाना आपलं शौर्य आठवलं होतं, तोही मागोमाग पळाला.

आई घरातला चिखल काढू लागली. सुरंगी परसदारी गेली आणि तिथंच खिळून उभी राहिली.

आडव्या झालेल्या मोगऱ्यावर एक परी बसली होती! इवलीशी, हाताच्या पंजाएवढी. झगा शिंपल्याच्या पोटासारखा, कधी गुलाबी, कधी निळा. पंखांवर पाण्याचे बारीक बारीक मणी चमचमत होते. आणि चेहरा असा दमलेला, जणू फार लांबून चालत आली होती.

ही कोण, कुठली, सुरंगीला विचारायचं होतं. पण आईचा नियम अंगात मुरलेला! ती आत पळाली, करवंटीत गूळ-पाणी घेऊन आली, परसात पाट मांडला आणि मगच म्हणाली, "बस, बाय. पाणी घे. तू कोण?"

परी अलगद पाटावर उतरली. ती करवंटीत वाकून घोट घोट पाणी प्यायली. टपोरे डोळे पुसून म्हणाली, "मी वादळाच्या मधोमध राहते. जिथं मी असते तिथं वारा नसतो. किती गावांवरून गेले मी! लोक पडलेलं गोळा करत असतात. मला बस म्हणणारी तू पहिलीच."

"वादळाच्या मधोमध?" सुरंगी म्हणाली. "पण वादळ तर गेलं ना?"

"नाही गं राजा," परी हळूच म्हणाली. "अर्धंच गेलं. अर्धं माझ्या मागून येतंय. उलट्या बाजूनं, आणि आधीपेक्षा मोठं."

सुरंगीच्या पायांखालची जमीनच सरकली. बाबा खाडीवर! तिनंच पाठवलेला! आणि सारी वाडी मोडक्या झाडांखाली नारळ वेचते आहे! ती "बाबाऽऽ" म्हणून ओरडली, पण खाडी लांब. आवाज पडलेल्या पोफळींतच अडकून राहिला.

"परीबाय, थांबव ना ते!"

"वादळ मला थांबवता येत नाही. मोडलेलं मला जोडता येत नाही," परी म्हणाली. "पण तू मला बसायला पाट दिलास. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. मात्र ती करवंटीत मावली पाहिजे. माझ्या इच्छा लहानच असतात."

तिनं बोट फिरवलं. समोरचा एक नारळ लख्खकन फुटला आणि दोन रुपेरी करवंट्या झाल्या.

"यातली एकच घे. ही धड आहे. हिच्यात मागितलेलं एकाच माणसाला मिळतं, पण पुरतं मिळतं. ही दुसरी डोळ्यांची. हिचा एक डोळा उघडा आहे, म्हणून हिच्यातलं झिरपतं. वाटेत जो जो भेटेल त्याला थोडं थोडं मिळतं. तुझ्या माणसापर्यंत किती उरेल, ते मलाही सांगता येत नाही. लवकर कर, सोने!"

काय मागायचं? बाबा करवंटीत मावत नाही. घर मावत नाही. सुरंगीनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं. समुद्रावर काळीकुट्ट भिंत उभी राहत होती. आणि तिला सुचलं. हाक! हाकेला अशी कितीशी जागा लागते?

तिचा हात धड करवंटीकडे गेला. बाबाला हाक पुरती ऐकू यायला हवी. बाकीच्यांचं बाकीचे बघतील! भिमाकाकूनं तर बाशिंगीला परवाच काठी मारली होती.

पण हात मधेच थांबला. तिला गेल्या शिमग्यानंतरची आठवण झाली. गवताच्या उडवीला आग लागली होती तेव्हा सगळे घरी पोचले, आणि बाबा सर्वांत शेवटी आला, भुवया करपवून. प्रत्येकाला बाहेर काढून. असला बाबा! त्याला एकट्याला हाक ऐकू आली तर तो एकटा घरी येईल? छे! तो आगरात उभा राहून एकेकाला ओरडत बसेल, आणि वादळ त्याला गाठेल.

"सगळे आले तरच माझा बाबा येईल," सुरंगी म्हणाली. तिनं डोळ्यांची करवंटी उचलली, तोंडाशी धरली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली, "घरी येऽऽ!"

करवंटीच्या उघड्या डोळ्यातून चांदीचा बारीकसा धागा झिरपला, हवेत तरंगला आणि आगरभर पसरला. परीचे पंख मिटले. वारा सुटला आणि ती दिसेनाशी झाली.

आणि काय सांगू! भिमाकाकूच्या कानाशी तिची सासरी गेलेली लेक बोलली, "आये, घरी ये!" ती दचकली. कुणाला धाकट्या पोराची हाक आली, कुणाला बायकोची. म्हाताऱ्या दाजीबाला तर त्याच्या आईनं हाक मारली. ती जाऊन किती पावसाळे लोटले होते, पण आवाज तोच! हाक अगदी बारीक होती. तरीही टोपल्या टाकून, गोणपाटं टाकून, वेचलेले सगळे नारळ तिथंच टाकून माणसं घरांकडे धावत सुटली. भिमाकाकूनं तेवढे काखेतले दोन सोडले नाहीत.

सुरंगी दारात उभी होती. पहिल्यांदा कोण यावं? बाशिंगी! आपली आपण, उड्या मारत, शिंगांत कुणाची तरी लुंगी अडकवून. तिलाही हाकेतलं थोडं मिळालं होतं. मागून भुंग्या आला. पण बाबा नाही.

वारा वाढला. आता तो डोंगराकडून येत होता, उलटा. आईनं सुरंगीचा हात घट्ट धरला. "येईल गो," ती म्हणाली, पण तिचा हात बर्फासारखा गार होता. सुरंगीला वाटलं, झिरपून झिरपून बाबाच्या वाट्याला काहीच उरलं नसेल तर? आपलं चुकलं तर? ती डोळे ताणून खाडीच्या वाटेकडे बघत राहिली.

आणि पावसाच्या पडद्यातून पंचा दिसला! बाबा येत होता, पाठीवर दाजीबाला घेऊन. म्हाताऱ्याला हाक ऐकू आली होती, पण पळता येत नव्हतं.

"बाबा! तुला ऐकू आलं?"

"आलं गो," बाबा धापा टाकत म्हणाला. "बारीक होतं, पण तुझंच होतं."

सगळ्यांनी मिळून दाराला पाटा-वरवंटा, हंडा, काय सापडेल ते लावलं. आणि अशा त्या गडबडीतही आईनं दाजीबाला विचारलं, "गूळ-पाणी देऊ ना?" बाबा बघतच राहिला.

मग दुसरं अर्धं आलं. सुंभ तुटलं. छप्पर एक मोठा उसासा टाकून उठलं आणि उडून गेलं! डोक्यावर कौलं होती तिथं आता गरगरणारं आभाळ. "पलंगाखाली!" बाबा ओरडला. सगळे पलंगाखाली घुसले. आई, बाबा, दाजीबा, सुरंगीच्या कुशीत भुंग्या, भुंग्याच्या पोटाशी लोणी, बाशिंगीचं तोंड दाजीबाच्या मांडीवर. टिकलीनं एवढी पाहुणेमंडळी पाहून जो कलकलाट केला! पण पिसं फुलवून ती अंड्यांवर बसून राहिली. कुणी कुणाचा हात सोडला नाही. सुरंगी घाबरली होती, पण सगळी माणसं आणि जनावरं हाताला लागत होती.

सांजवेळी वादळ गेलं. या वेळी खरोखरच गेलं. सुरंगी बाहेर आली आणि सुन्न झाली. आगर राहिलंच नव्हतं. जिथं हिरवं आभाळ होतं तिथं नुसते पडलेले बुंधे. पण दारोदार माणसं मोजली गेली, आणि वाडीतलं एकही माणूस कमी नव्हतं. जो तो दुसऱ्याला विचारत होता, "तुला कुणाची हाक आली?"

परसात पाटावर परी बसली होती. मावळतीच्या उन्हात केशरी दिसत होती. "धड करवंटी तू घेतली नाहीस," ती म्हणाली. "ती शिल्लक आहे, आणि आता तुझी आहे. स्वतःसाठी माग."

सुरंगीनं छप्पर उडालेल्या घराकडं पाहिलं, मग परीच्या दमलेल्या तोंडाकडं पाहिलं. "परीबाय, तू परत ये," ती म्हणाली. "पण एकटी ये. वादळाला आणू नको."

परी थक्क झाली. गालावरून एक थेंब ओघळून करवंटीत पडला आणि करवंटी दिव्यासारखी उजळली. त्या उजेडात परीचा झगा विरघळला, पंख विरघळले, आणि मग उजेडच उजेड झाला! तो परसावरून, कुंपणावरून, साऱ्या आडव्या आगरावरून वाहत गेला आणि समुद्रावर जाऊन विझला.

"आई गं!" भिमाकाकू किंचाळली.

माणसं घाईत टाकून पळाली होती ते सगळे नारळ अंकुरले होते! टोपल्यांतून, गोणपाटांतून, चिखलातून इवलेइवले हिरवे कोंब वर आले होते. हातभर उंच, तुकतुकीत, लहान मुलांसारखे दाटीनं उभे. भिमाकाकूच्या काखेतले दोन मात्र नुसतेच नारळ राहिले. त्यांची आमटी झाली, आणि तीही तिनं दाजीबाला वाढली.

ती रोपं भराभर वाढली. हाक सुरंगीनं मारली होती हे कळल्यावर वाचलेली माणसं स्वतःची कौलं सोडून आधी सुरंगीच्या घरावर चढली आणि त्यांनी नवं छप्पर घातलं. त्यात दाजीबानं हट्टानं एक फट ठेवायला लावली, पोरीच्या बांगडीसाठी.

आणि अजूनही त्या वाडीत भर दुपारी वारा पडला, पान हलेनासं झालं, की बायका हातातलं काम ठेवतात आणि परसात पाट मांडतात. पाटाजवळ करवंटीत गूळ-पाणी असतं. थोड्या वेळानं बघावं तर करवंटी रिकामी असते, आणि मोगऱ्याची एक फांदी, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी, हलत असते.